मांजर, नायटा आणि दोनशे वर्षांचं डिबगिंग

ज्यांना ट्रेनच्या गर्दीत ऐकायला जमत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच हात खाजवायला लागतील. विषय आहे नायटा. त्यातही घरातल्या लाडक्या मांजराकडून, कुत्र्याकडून, सशाकडून, गिनीपिगकडून माणसाला मिळणारा नायटा. तुम्ही म्हणाल, हा डॉक्टरचा विषय, यात इतिहास कुठून आला? तर गंमत अशी की या एका गोल, लालसर, खाजऱ्या चट्ट्याने वैद्यकशास्त्राला बरंच काही शिकवलं. आणि त्याच चट्ट्याच्या भीतीपोटी हजारो लहान मुलांचं आयुष्यभराचं नुकसानही झालं. दोन्ही गोष्टी सांगणार आहे.

हे आत्ता का सांगायचं? कारण आपल्या पिढीने फ्लॅटमध्ये प्राणी पाळायला सुरुवात केली आहे. पर्शियन मांजर आणलं जातं, त्याच्या रील्स बनतात, आणि मग एक दिवस घरातल्या पोराच्या दंडावर गोल चट्टा उठतो. त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. एक, मेडिकलवाल्याकडून कुठलीतरी क्रीम आणून चोपडली जाते. दोन, मांजराला पिंजऱ्यात घालून लांब कुठेतरी सोडून येतात. दोन्ही चुकीचं. का चुकीचं, ते इतिहासातून बघू.

नावातच गडबड

इंग्रजीत याला रिंगवर्म म्हणतात. रिंग म्हणजे कडं, वर्म म्हणजे किडा. डॉक्टरांची लॅटिन संज्ञा आहे टिनिया, तिचा मूळ अर्थ कपडे खाणारी कसर. म्हणजे युरोपात शेकडो वर्षं लोकांना वाटत होतं की कातडीत एखादा किडा गोल गोल फिरतोय. प्रत्यक्षात किडा वगैरे काही नाही. ती एक बुरशी आहे. भाकरीवर येते तशी, फक्त हिला भाकरी नको, केराटिन हवं. केराटिन म्हणजे आपल्या कातडीचा वरचा थर, केस आणि नखं ज्यापासून बनतात ते प्रथिन. बुरशी एका जागी सुरू होते आणि चारी बाजूंनी बाहेर पसरत जाते. मधला भाग निवळायला लागतो आणि कडा लाल राहते. म्हणून ते कडं.

आपल्याकडे नावं जास्त चित्रमय आहेत. मराठीत नायटा किंवा गजकर्ण, गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. संस्कृतात दद्रु. चरक आणि सुश्रुत दोघांच्याही ग्रंथांत दद्रु आहे. आणि पावसाळ्यात कोकणात रस्त्याकडेला उगवणारा, आपण ज्याची भाजी खातो तो टाकळा आठवतो? त्याचं संस्कृत नाव आहे चक्रमर्द. चक्राला चिरडणारा! दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रुचा नाश करणारा. झाडाचं नावच प्रिस्क्रिप्शन. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफेनॉल नावाचं रसायन असतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेशमाच्या किड्यापासून सुरुवात

आता १८३५ साली जाऊ. इटलीत आगोस्तिनो बास्सी नावाचा माणूस रेशमाच्या किड्यांचा एक रोग तपासत होता. किडे मरायचे आणि त्यांच्या अंगावर पांढरी पावडर दिसायची. बास्सीने दाखवून दिलं की ही पावडर म्हणजे एक जिवंत बुरशी आहे आणि तीच एका किड्याकडून दुसऱ्याकडे जाते. लुई पाश्चर तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे सिद्ध करणारं हे सगळ्यात पहिलं काम मानतात.

मग प्रश्न आला, किड्याला होतं तर माणसाला का नाही? त्या काळी डोक्याला फेवस नावाचा एक वाईट नायटा व्हायचा. डोक्यावर मधाच्या पोळ्यासारख्या पिवळ्या खपल्या, केस कायमचे गेलेले. बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक या तरुण डॉक्टरने १८३७ च्या आसपास या खपल्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. त्याला धाग्यासारखं काहीतरी दिसलं, पण ही बुरशी आहे हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. १८३९ मध्ये योहान शोनलाइन यांनी ते ओळखलं. रेमाक मात्र गप्प बसला नाही. त्याने ती बुरशी सफरचंदाच्या फोडींवर वाढवून पाहिली आणि मग स्वतःच्या त्वचेवर लावून घेतली. रोग झाला! आपल्या भाषेत सांगायचं तर बग नुसता लॉगमध्ये बघितला नाही, स्वतःच्या मशीनवर रिप्रोड्यूस करून दाखवला.

याच सुमारास पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी नावाचा हंगेरीत जन्मलेला डॉक्टर एकट्याने काम करत होता. १८४१ ते १८४४ या चार वर्षांत त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एकामागून एक निबंध मांडले. फेवस वेगळा, दाढीचा नायटा वेगळा, मुलांच्या डोक्याचा नायटा वेगळा, आणि या प्रत्येकामागे वेगळी बुरशी. सगळं फक्त मायक्रोस्कोपच्या जोरावर. एका बुरशीला त्याने मायक्रोस्पोरम ओडुइनी असं नाव दिलं.

मग काय, सत्कार झाला? छे. पॅरिसच्या बड्या त्वचारोगतज्ज्ञांना हे पटलंच नाही. कातडीचे रोग आतून, रक्तातल्या बिघाडाने होतात, असंच पुष्कळांना वाटत होतं. ग्रुबीने पुढे संशोधन सोडून दवाखान्यावर भर दिला. शोपँ, जॉर्ज सँड, हाइने असे मोठमोठे कलावंत त्याचे पेशंट होते. पैसा, नाव सगळं मिळालं, पण बुरशीचं काम जवळजवळ पन्नास वर्षं धूळ खात पडलं.

साबुरो आणि प्राण्यांचा धागा

ही धूळ झटकली रेमों साबुरोने. पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये १८९० च्या दशकात तो कामाला लागला. तेव्हा नायटा झालेल्या मुलांना शाळेत घेत नसत. त्यामुळे हॉस्पिटललाच त्यांच्यासाठी वेगळी शाळा चालवावी लागत होती. केस एक एक करून उपटायचे, हाच मुख्य इलाज. मुलं महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं तिथे अडकून पडायची.

साबुरोने पाश्चरच्या संस्थेत शिकलेली पद्धत वापरली. बुरशी नीट वाढेल पण बाकीचे जिवाणू फार वाढणार नाहीत, असं साखर, पेप्टोन आणि अगारचं थोडं आम्लयुक्त खाद्य त्याने ठरवलं. आज तुमच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डॉक्टरांनी फंगल कल्चर सांगितलं, तर ते बहुतेक वेळा साबुरो अगारवरच होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची रेसिपी अजून प्रॉडक्शनमध्ये आहे!

आणि इथे आपल्या विषयाची खरी गाठ लागते. साबुरोच्या लक्षात आलं की नायटे दोन स्वभावांचे आहेत. काही बुरश्या फक्त माणसामाणसांत फिरतात. त्या शांतपणे, कमी त्रास देत, लांबलचक मुक्काम करतात. काही बुरश्या प्राण्यांकडून येतात. त्यांनी झालेला नायटा जास्त लाल, सुजलेला, कधी तर पू भरलेला असतो. घोड्यांची, वासरांची देखभाल करणाऱ्यांना दाढीत होणारा नायटा या दुसऱ्या प्रकारातला.

कारण साधं आहे. माणसात मुरलेल्या बुरशीने आपल्या प्रतिकारशक्तीशी जुळवून घेतलेलं असतं. मांजराची बुरशी आपल्या अंगावर पाहुणी असते, त्यामुळे शरीर आरडाओरडा करतं. म्हणूनच डोक्यावर अशी पू भरलेली मऊ गाठ दिसली तर ती नुसतं गळू असेलच असं नाही, नायटाही असू शकतो. अशा गाठीचं वर्णन रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात केलेलं आहे, आणि तिला अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

१९०२ मध्ये फ्रेंच संशोधक बोदँने पाळीव प्राण्यांच्या नायट्यातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं नाव ठेवलं, मायक्रोस्पोरम कॅनिस. कॅनिस म्हणजे कुत्र्याचा. पण या बुरशीचं मुख्य घर कुत्रं नाही, मांजर आहे! बिचाऱ्या कुत्र्याच्या नावावर शंभर वर्षं बिल फाटतंय.

गोवा पावडर

आता थोडं आपल्या किनाऱ्यावर येऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याकडे नायट्यावर एक पिवळसर तपकिरी पावडर वापरली जायची. युरोपातल्या डॉक्टरांना ती गोवा पावडर म्हणूनच माहीत झाली. १८६० च्या दशकात मुंबईतून तिची माहिती लंडनच्या औषधी मासिकात गेली आणि सगळे विचारायला लागले, ही गोव्यातल्या कुठल्या झाडाची?

उत्तर निघालं, गोव्यातल्या कुठल्याच नाही. ती होती ब्राझीलच्या अरारोबा झाडाच्या खोडातली. ब्राझील पोर्तुगीजांचं, गोवाही पोर्तुगीजांचं. जहाजातून पावडर इकडे आली आणि इथलं नाव घेऊन युरोपात गेली. तिच्यातल्या मुख्य द्रव्याला क्रायसारोबिन म्हणतात, आणि ते टाकळ्यातल्या त्या क्रायसोफेनॉलचंच जवळचं भावंडं आहे. म्हणजे कोकणातली आजी आणि ब्राझीलमधली आजी, दोघी समुद्राच्या दोन टोकांना एकाच रसायनापर्यंत पोहोचल्या होत्या.

पुढे १८७६ मध्ये लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरला दिसलं की सोरायसिसच्या एका पेशंटने नायटा समजून गोवा पावडर लावली आणि त्याला चक्क बरं वाटलं. त्यातूनच पुढे डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचं औषध आलं. पण थांबा, टाकळा वाटून लावायला धावू नका. ही द्रव्यं कातडी जाळतात, डाग पाडतात, डोळ्यात गेली तर आणखी वाईट. इतिहास म्हणून भारी, घरगुती उपाय म्हणून नको.

रोगापेक्षा इलाज भयंकर

आता या गोष्टीचा सगळ्यात जड भाग.

१८९५ मध्ये एक्स-रे सापडले. त्यांनी केस झडतात हे लगेच लक्षात आलं. केसात बुरशी, केस झडवले की बुरशी गेली, असा हिशोब. १९०४ मध्ये साबुरोने डोक्याच्या नायट्यासाठी मोजून मापून एक्स-रे द्यायची पद्धत बसवली. जी मुलं वर्ष वर्ष अडकायची, ती आता काही आठवड्यांत मोकळी व्हायला लागली. सगळ्यांना हा चमत्कारच वाटला. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं जगभर हे चालू राहिलं.

दुसरीकडे थॅलियम होतं. हे पोटात दिलं की केस झडतात, म्हणून १९२० च्या दशकात तेही मुलांना देण्यात आलं. थॅलियम उंदीर मारायला वापरायचं विष आहे. डोस थोडा चुकला की संपलं. मुलं दगावली.

एक्स-रेचं बिल उशिरा आलं. सगळ्यात नीट नोंद इस्राएलची आहे. तिथे १९४० च्या दशकाच्या शेवटापासून १९६० पर्यंत सुमारे वीस हजार मुलांच्या डोक्याला एक्स-रे दिले गेले. यातली बहुतेक मुलं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातून नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांतली. १९७४ मध्ये बारुख मोदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये आकडे मांडले. या मुलांमध्ये मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त होतं. १९९४ मध्ये त्या देशाला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला.

हा नायटा मांजराचा नव्हता, तो मुख्यतः माणसामाणसांत फिरणारा होता. तरी हे सांगणं गरजेचं आहे. नायट्याने माणूस मरत नाही. त्याची लाज आणि भीती इतकी होती की जिवावर बेतणारा इलाज लोकांनी आनंदाने स्वीकारला. अमेरिकेच्या बंदरातून फेवस झालेल्या माणसाला परत पाठवून देत, इतकी ती किळस. किळस आली की माणूस धोक्याचा हिशोब करत नाही.

जांभळा दिवा आणि गिनीपिग

चांगल्या गोष्टीही घडल्या. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये एक काच बनवली होती. ती दिसणारा प्रकाश अडवते आणि अतिनील किरण सोडते. १९२५ मध्ये फ्रान्समधल्या मार्गारो आणि देव्हेझ यांना आढळलं की या काचेच्या दिव्याखाली नायट्याचे केस हिरवे चमकतात. मायक्रोस्पोरम कॅनिसचे केस तर कच्च्या सफरचंदासारखे हिरवेगार. अंधाऱ्या खोलीत मांजर धरायचं, दिवा लावायचा, चमकलेला केस उपटून तपासायचा. आजही व्हेट हेच करतात. मात्र सशाच्या किंवा गिनीपिगच्या बुरशीचे केस असे चमकत नाहीत, आणि मांजराचेही दर वेळी चमकतीलच असं नाही. म्हणून दिव्याखाली काही दिसलं नाही, म्हणजे नायटा नाहीच, असं होत नाही.

औषध मिळायला मात्र १९५८ उजाडलं. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ मध्ये लंडनमध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळं केलेलं होतं. म्हणजे बुरशीविरुद्ध बुरशीचंच औषध! पण जवळपास वीस वर्षं त्याचा विचार झाला तो मुख्यतः शेतीतल्या बुरशीसाठी. मग ग्लासगोच्या जेंटल्स यांनी ते नायटा झालेल्या गिनीपिगना तोंडावाटे दिलं आणि गिनीपिग बरे झाले. लगोलग माणसांवर वापर सुरू झाला. एक्स-रेची गरजच संपली.

नखांचं दुखणं मात्र चिवट निघालं. औषध नव्याने बनणाऱ्या केराटिनमध्ये शिरतं, जुन्या नखात नाही. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून बरंच हळू. म्हणजे चांगलं नख खालून वर येईपर्यंत महिनोन्महिने थांबणं आलं. १९९० च्या दशकात टर्बिनाफिन आलं आणि हा काळ पुष्कळ कमी झाला. नखाला बुरशी लागली तर लगेच मांजराकडे बोट दाखवू नका. नखांत बहुतेक वेळा माणसांत फिरणारीच बुरशी असते, प्राण्याकडून नखाला लागण होणं दुर्मिळ.

आणि आता या सगळ्या इतिहासातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा. ग्रिसिओफुल्विन आल्यावर युरोपात मुलांमुलांत पसरणारा मायक्रोस्पोरम ओडुइनी भराभर कमी झाला. कारण त्याचा साठा मुलांच्याच डोक्यात होता. मुलं बरी, खेळ खलास. पण मायक्रोस्पोरम कॅनिस गेला नाही. उलट युरोपातल्या कितीतरी देशांत तोच पहिल्या नंबरला आला. का? कारण साठा मांजरात होता! तुम्ही फोन कितीही वेळा फॉरमॅट करा, सर्व्हरवरच्या फाइलमध्ये व्हायरस असेल तर पुढच्या सिंकला तो परत येणारच.

याची उलट बाजू गुरांमध्ये दिसली. सोव्हिएत रशियात सार्किसोव्ह आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या नायट्यावर लस काढली. नॉर्वेने ती १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पद्धतशीर वापरली आणि तिथल्या गोठ्यांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. मूळ साठ्यावर इलाज केला की माणूस आपोआप वाचतो.

मग आज काय करायचं?

पहिलं, चट्टा दिसला की अंदाज नको. भारतात दिसणारा बहुतेक नायटा माणसाकडूनच माणसाला येतो. घट्ट जीन्स, घाम, एकच टॉवेल चौघांत, ही कारणं आधी तपासा. पण घरात नवीन मांजर, ससा किंवा गिनीपिग आला असेल, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ही एक ओळ निदान बदलू शकते.

दुसरं, मेडिकलमधली तीन-चार औषधं मिसळलेली क्रीम नको. त्यातल्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण आत बुरशी मजेत वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम प्रिस्क्रिप्शनशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरी ती काउंटरवर मिळतातच. आपल्या देशात टर्बिनाफिनला दाद न देणारी एक बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये तिला नावच मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात इंडिया आहे, आणि यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

तिसरं, प्राण्याला व्हेटकडे न्या. मांजराच्या अंगावर एकही चट्टा नसताना ते बुरशी बाळगून असू शकतं, विशेषतः पर्शियनसारखी लांब केसांची मांजरं. व्हेट नव्या टूथब्रशने त्याचे केस विंचरून कल्चरला पाठवतात. घरात दोन मांजरं असतील तर दोघांचीही तपासणी.

चौथं, घर साफ करा. या बुरशीचे बीजाणू गळालेल्या केसांवर वर्षभराहूनही जास्त टिकू शकतात. रोज केस उचला, चादरी धुवा, सोफा व्हॅक्यूम करा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं इलाज संपेपर्यंत त्या प्राण्यापासून जरा लांब.

आणि पाचवं, मांजराला सोडून येऊ नका. त्याने साठा संपत नाही, फक्त दुसऱ्या गल्लीत जातो. घरातले बीजाणू घरातच राहतात. वर एक माणसाळलेला जीव रस्त्यावर उपाशी मरतो. मांजराचा नायटा काही आठवड्यांच्या इलाजाने बरा होतो. माणसाचाही होतो.

ग्रुबीला पन्नास वर्षं कुणी ऐकलं नाही. एक्स-रेचं सत्य कळायला सत्तर वर्षं गेली. आपल्याला मात्र सगळं आयतं मिळालंय. तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं की अमक्यांच्या मांजरामुळे मुलाला नायटा झाला, मांजर हलवा, तर भांडू नका. हा भाग तिथे फॉरवर्ड करा आणि सोबत जवळच्या व्हेटचा पत्ता द्या.

आजच्यापुरतं इतकंच. प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या भागात घेऊ. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत टॉवेल आपापला वापरा!